विद्याताईंचा टायमर

प्लास्टिकचा कचरा खाली ठेवून वर येतेय तोच फोन वाजला. मोरीसान, आमचे प्लांट मॅनेजर. हा माणूस सुट्टीच्या दिवशी कधी फोन करत नाही. विद्याताई गेल्या होत्या. आजार माहीत होता, तरी "अहो, असं कसं?" असं मी मोरीसानांना चक्क मराठीत विचारलं...

नागोयाजवळच्या आमच्या कारखान्यात पोलाद तापवून, दाबून गाड्यांच्या स्टिअरिंगचे भाग घडवतात. पुण्याच्या ताई तिथल्या धातुतज्ज्ञ. मी उत्पादन बघते, म्हणजे त्यांच्याशी रोज भांडायचे. पोलाद दाबायची प्रेस अडली की त्या भट्टीशेजारी स्वयंपाकघरातला साधा टायमर लावायच्या. तो वाजला की भट्टीतलं पोलाद बाद!

"फुकट जातंय हो, ताई!"

"जाऊ दे. जास्त वेळ तापलं की आतले दाणे फुगतात. मग एका धक्क्यात तडा."

एकदा त्या रजेवर असताना प्रेस अडली. टायमर वाजला, पण फोरमनला पोलाद टाकवेना. 'मोत्ताइनाई', वाया घालवू नये, हे इथे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्याने त्याच पोलादाचे भाग घडवले. हार्डनेसच्या चाचणीत सगळे भाग पास. दुसऱ्या दिवशी ताईंना कळलं तेव्हा माल ट्रकमध्ये चढला होता. त्या थेट मोरीसानांपुढे उभ्या राहिल्या. "एक भाग कापून बघू द्या."

त्याच आठवड्यात मोरीसान त्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करणार होते. मी हळूच म्हटलं, "ताई, कशाला पंगा घेता? व्हिसा जाईल."

"गप गं. त्या गाडीत कुणाचं तरी पोर बसणार आहे."

भाग कापला, घासून चकचकीत केला, आम्ल लावलं. खाली ट्रकचं इंजिन सुरूच. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि खुर्ची मोरीसानांना दिली. मग मी पाहिलं. रव्यासारखे बारीक दाणे हवेत तिथे साबुदाणा! मोरीसान तडक खाली गेले. इंजिन बंद झाल्याचं ऐकलं आणि ताई मटकन खाली बसल्या. तेव्हा कळलं, बाई किती घाबरली होती. कॉन्ट्रॅक्ट मात्र रिन्यू झालं.

ताईंच्या माघारी, गेल्या आठवड्यात प्रेस पुन्हा अडली. टायमर फोरमननेच लावला. वाजल्याबरोबर तो लालभडक पोलाद बाहेर काढू लागला. सवयीने मी वळले, "फुकट जातंय हो, ताई..."

मला मेलं रडूच फुटलं. टायमर वाजत राहिला, आणि तो बंद करायला कुणाचाच हात पुढे होईना.