काकूंची झोप

काकू कुठेही झोपत. लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, गौलीगुड्याहून येणाऱ्या बसमध्ये. शेजारी फक्त काका हवेत. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं की तोंड किंचित उघडं राही आणि काकू या जगात नसत.

घटस्फोटानंतर मी तारनाक्याला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले. आल्याआल्या याद्या केल्या: गॅस, बँक, पडदे. सगळं आठवड्यात मार्गी लागलं. झोप तेवढी लागली नाही. आधीच्या घरात जिन्यावरच्या पावलांवरून नवऱ्याचा राग ओळखावा लागे. कान अजून तिथेच होते.

एका दुपारी काकांच्या हातून गोंगुऱ्याच्या लोणच्याची बरणी फुटली. काकूंचा आवाज चढला, काकांचाही. वर मी दाराला कडी लावून बसले. बराच वेळ शांतता, म्हणून भीतभीत खाली आले. व्हरांड्यात कडुलिंबाची सावली हलत होती आणि काकू काकांच्या खांद्यावर झोपल्या होत्या. मिटलं का, असं मी हळूच काकांना विचारलं. उत्तर काकूंनीच दिलं, डोळे न उघडता.

"मिटलं कुठं? रागातच आहे मी. उठल्यावर भांडू की."

पुढे ऑफिसातल्या सुहासने लग्नाचं विचारलं. माणूस सगळ्या बाजूंनी ठीक होता, तरी माझ्याकडून होकार निघेना. काकूंनी एकच चौकशी केली, त्याच्यावर कधी चिडलीस का. मी म्हटलं, कधीच नाही.

"मग चिडून बघ हल्लू. पण पळू नक्को, तिथंच बैस."

नारायणगुड्याच्या हॉटेलात सुहास तासभर उशिरा आला. मला राग आलाय, असं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणा पुरुषाला सांगितलं आणि टेबलाची कड घट्ट धरली. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. फोन तरी करायला हवा होता." मग चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही डोसे खाल्ले. काहीही फुटलं नाही.

काकू गेल्या त्याला वर्ष होईल. परवा आम्ही काकांना भेटून आलो. ते बसतात तेव्हा त्यांचा उजवा खांदा अजून जरा खाली असतो.

परतताना ऑटोत सुहासशी कशावरून तरी वाजलं. वाद अर्धाच झाला होता. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा ऑटो आमच्या घरासमोर उभी होती आणि सुहास ड्रायव्हरला खुणेने सांगत होता, जरा थांबा.

माझं तोंड किंचित उघडं होतं.