तांबड्या शेळीच्या पायाची चिंधी

मंडळी, आज लई भारी झालं! एका गावाहून परतताना बसमध्येच लिहितेय.

पीएचडीसाठी मी शेळ्या राखणाऱ्या बायकांकडून फॉर्म भरून घेते. "शेळी विकायचं कोण ठरवतं?" या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर: मालक.

आज फॉर्म पिशवीतच ठेवला आणि एका मावशींसोबत शेळ्यांमागं फिरले. दुपारी त्यांच्या नवऱ्याचा फोन आला, "व्यापारी आलाय, तांबडी घेऊन ये."

मावशींनी जुन्या लुगड्याची चिंधी शेळीच्या धडधाकट पायाला आवळून बांधली. घरी जाऊन म्हणाल्या, "लंगडायलीय ओ ती!" व्यापारी तसाच गेला.

मी हळूच विचारलं, "मावशी, मग ठरवतं कोण?"

"मालकच की!"

सांगा, हे कुठल्या चौकटीत टिक करू?

सर म्हणतील, एका बाईवरून जिल्ह्याचं कसं सांगशील? खरंय, नाही सांगता येणार. पण बाकीच्या 'मालक'मागं किती चिंध्या आहेत, हे फॉर्म तरी कुठं सांगतो?

निघताना मावशी म्हणाल्या, "लिव बाई, पण आमच्या मालकाला कळू देऊ नको."

आता प्रबंधात हे कसं लिहू? तुम्ही काय केलं असतं?

इथं तरी गावाचं नाव टाळलंय. आणि शेळी तांबडी नव्हती.