शुद्ध केलेली पट्टी

चंद्रप्रभेचे वरचे दात पुढं होते आणि हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. ही सवय तिला तुळजापुरातल्या आयाबायांनी मिळून लावली होती. कुणाच्याही ओसरीवर गेलं की आधी तिच्या दातांची चौकशी, मग तिची. रिकामटेकड्या माणसांना दुसऱ्याचं तोंड बघायला फार वेळ असतो, हे तिला परकर नेसायच्या वयातच कळलं होतं.

आई लहानपणीच गेलेली. वडील गोपाळकृष्णराव तहसील कचेरीत कारकून. ते कचेरीत शिरताना चपला बाहेर ठेवायचे आणि घरात शिरताना स्वतःचं मत. घरात राज्य त्यांच्या विधवा बहिणीचं, अनसूयाआत्याचं. आत्याचं सोवळं इतकं कडक की देव प्रसन्न होता की नाही ठाऊक नाही, घरातलं माणूस मात्र एकही प्रसन्न नव्हतं.

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी एका स्थळानं दातांवरून तोंडावर नकार दिला, तेव्हा कुठं गोपाळकृष्णराव हलले. कुणीतरी सोलापूरच्या डॉक्टर महालिंगप्पांचं नाव सुचवलं. बापलेक एसटीनं गेले. डॉक्टरांनी सगळं आधीच सांगितलं.

"जागा करायला दोन्ही बाजूंचा एकेक दात काढावा लागेल. मग टाळूला बसणारी ही पट्टी, पुढं तार. दर महिन्याला येऊन तार आवळून घ्यायची. आवळली की दोन-तीन दिवस ठणकेल, तेव्हा मऊ भात खायचा. ऊस, चिक्की बंद. जेवताना पट्टी काढायची, गार पाण्यानं धुवायची, परत घालायची. आणि दात सरळ झाले म्हणजे संपलं असं समजू नका. ते जुन्या जागेकडं परत जायला बघतात. नंतर दुसरी पट्टी देईन, ती वर्षभर तरी तोंडात हवी."

गोपाळकृष्णरावांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. मान हलवणं हेच त्यांचं नोकरीतलं मुख्य काम होतं. चंद्रप्रभेनं मात्र शब्द न् शब्द मनात ठेवला. तिला स्थळाचं काही पडलेलं नव्हतं. एकदा तोंड भरून हसावं, आणि हात मांडीवरच राहावा, एवढंच तिला हवं होतं.

घरी आल्याबरोबर आत्यानं पट्टीचा निकाल लावला.

"तोंडातून काढलेली वस्तू उष्टी. ती माझ्या स्वयंपाकघरात बिलकूल आणायची नाही."

मग पट्टीला न्हाणीतल्या कोनाड्यात जागा मिळाली, पाण्यानं भरलेल्या करवंटीत. जेवणाआधी चंद्रप्रभेनं तिकडं जायचं, पट्टी काढायची, हातपाय धुवायचे, मगच पाटावर बसायचं. महिन्याला सोलापूर, मग ठणका, मग मऊ भात. तिनं कुरकुर केली नाही. दात हळूहळू आत येत होते, आणि आरशात ते बघताना आत्याचं सगळं सोवळं तिला कस्पटासमान वाटायचं.

दीड वर्षानं दात ओळीत आले. दुसरी पट्टी मिळाली. लगोलग लोहाऱ्याच्या बाबूराव मास्तरांचं स्थळ आलं आणि पसंतीही झाली.

लग्नाआधी घरात देवकार्य निघालं. आत्यानं तांब्यापितळेची सगळी भांडी चिंच लावून घासली, सोवळी करून घेतली. तेवढ्यात तिची नजर कोनाड्यात जेवणापुरत्या काढून ठेवलेल्या नव्या पट्टीवर गेली. चंद्रप्रभा न्हाणीशी आली तेव्हा आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीवर पातेल्यात पट्टी खळखळ उकळत होती.

"आत्या, काय करायलीस?"

"देवकार्याला घरात असलं ओवळं चालत नाही. शुद्ध करून घ्यायले."

पट्टी बाहेर निघाली ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी होऊन. चंद्रप्रभेनं ती टाळूला लावून बघितली, दाबून बघितली. बसेना. ती तशीच वडिलांपुढं जाऊन उभी राहिली.

"बाबा, उद्याच सोलापूरला जाऊ. डॉक्टर नवी करून देतील. नाहीतर दात परत पुढं येतील."

गोपाळकृष्णरावांनी बहिणीकडं पाहिलं.

"पसंती झाली ना?" आत्या म्हणाली. "मग आता कशाला पाहिजे ती तकलीफ?"

"लग्न तोंडावर आलंय," गोपाळकृष्णराव म्हणाले. "दात तर सरळ झालेत की."

दीड वर्षाचा ठणका तिनं सोसला होता तो कुणासाठी, हे तिला त्या दिवशी कळलं. दात तिचे नव्हतेच. बाजारात म्हैस न्यायच्या आधी शिंगं रंगवतात, तेवढाच तो खटाटोप होता. तिला बापाची चीड आली नाही, किळस आली.

लोहाऱ्यात सासरी पाऊल टाकलं तेव्हा दात ओळीत होते. दिवाळीपर्यंत ते पुढं आले. हातही पुन्हा तोंडावर जाऊ लागला.

दिवाळसणाचं बोलावणं घेऊन गोपाळकृष्णराव आणि आत्या लोहाऱ्याला आले, तेव्हा सासूबाई वाटच बघत होत्या.

"पोरगी दाखवली तवा दात आत होते. आता भाईर कसे आले? फसवलंत आमाला."

बाबूराव मास्तर वर्तमानपत्रामागं गेले. चंद्रप्रभा दारात उभी होती. आता तरी बाप खरं सांगेल, असं तिला क्षणभर वाटलं.

"आम्ही दिली तेव्हा सरळ होते," गोपाळकृष्णराव म्हणाले. "नंतरचं आम्हाला काय ठाऊक?"

"पाणी बदललं," आत्यानं जोड दिली. "दुसरं काय?"

तेव्हा चंद्रप्रभा हसली. खदाखदा, सगळे दात दाखवत. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. आत्यानं डोळे वटारले, पण चंद्रप्रभेचा हात काही तोंडावर गेला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "तू पातेल्यात उकळलीस ती पट्टी शुद्ध झाली गं. दात तेवढे ओवळे राहिले."

आणि ती बापापुढची कपबशी उचलून आत गेली. चहा अजून अर्धा शिल्लक होता.