तळ निघणारा टिन

आमच्या स्वयंपाकघरात इतकी भांडी आहेत, की उद्या अख्खी सोसायटी जेवायला बसली तरी एक पातेलं मधे धुवावं लागणार नाही. लग्नात आलेली, मुंजीत आलेली, लोकांच्या वास्तुशांतीत गळ्यात पडलेली. कुकरचे डबे आहेत, ढोकळ्याच्या थाळ्या आहेत, पुरणयंत्रं तर दोन आहेत आणि दोन्ही बिघडलेली आहेत. नव्हता तो फक्त नऊ इंची, तळ निघणारा टार्टचा टिन. आणि लेकीने पाठवलेल्या कृतीत पहिल्याच ओळीत तो मागितला होता.

ही लेक मेकॅनिकल इंजिनिअर. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चांगली नोकरी होती. दिवाळीच्या आधी तिने ती सोडली आणि पुण्याला एका बेकरीत काम शिकायला गेली. ह्यांनी अंबडच्या टूलरूममध्ये साचे बनवण्यात उभं आयुष्य काढलेलं, मागच्याच वर्षी रिटायर झाले. मुलगी आपल्याच धंद्यात आली म्हणून ओळखीच्या सगळ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये पेढे वाटून आलेला हा माणूस. "बिस्किटं भाजायला इंजिनिअरिंग केलं होतं का?" एवढं बोलून त्यांनी तिच्याशी बोलणं बंद केलं. तीही त्यांचीच मुलगी, तिनेही बंद केलं.

तेव्हापासून घरात मी टेलिफोन एक्सचेंज आहे. दिवाळीत दोघं एकाच टेबलाला बसून मला सांगायची. "तिला सांग, चटणी इकडे सरकव." "त्यांना सांग, चटणी संपली." चटणी माझ्या नाकासमोर. बिनपगारी नोकरी, आणि रजा नाही. बाहेर मी हसून सांगत असे, पण खरं सांगायचं तर रात्री झोप लागत नव्हती. असंच वर्ष गेलं, दोन गेली, की सवय होते माणसांना. मग बोलावंसंही वाटत नाही. आमच्याच नात्यात दोन सख्खे भाऊ असे आहेत.

फेब्रुवारीत लेक रविवारी येते म्हणाली, आणि त्याच आठवड्यात निफाडच्या माझ्या भावाने द्राक्षांची पेटी पाठवली. मणी बारीक म्हणून एक्स्पोर्टमधून बाद झालेली. चवीला हीच खरी, असं तो दरवर्षी सांगतो आणि मोठ्या मण्यांची दरवर्षी परदेशी पाठवतो. मी बेत केला. द्राक्षांचा टार्ट लेकीने केला तर ह्यांना भूक नसणार. मी केला तर खातील. खाऊन झालं, बरं झालंय म्हणाले, की मग आठवण करून द्यायची, कृती कोणाची ते. एवढं साधं राजकारण.

कृती आली तशी तिला फोन लावला, स्पीकरवर. हे पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर होता.

"नऊ इंची टिन नसेल तर ढोकळ्याच्या थाळीत कर," ती म्हणाली. "फक्त तळ सुटा नसेल तर काढताना तुटेल."

पेपर खाली आला. "तिला विचार, तळ सुटा म्हणजे फिट कसा आहे, सैल की घट्ट?"

"त्यांना सांग, बाजारात मिळतो तसा."

झालं. मी मेन रोडवर जाऊन टिन घेऊन येते म्हटलं, तर हे उसळले. "डबा विकत आणायचा? माझ्या घरात? मी काय तिथे चाळीस वर्षं माशा मारल्या?" आणि स्कूटर काढून मित्राच्या शेडमध्ये गेले. रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन जायचे, संध्याकाळी हात काळे करून यायचे. गेल्या वर्षभरात इतकं खूश मी त्यांना बघितलं नव्हतं, म्हणून गप्प बसले. ती माझी चूक.

शनिवारी टिन आला. टिन म्हणायचं ते आपलं सवयीने. पाच एमएमची स्टेनलेस प्लेट, लेथवर फिरवलेली, कडा पॉलिश केलेल्या, तोंड बघून घ्यावं अशी. ओट्यावर ठेवला तेव्हा बरण्या हलल्या. तळ इतका बेतून बसवला होता, की आत पाणी भरून त्यांनी मला दाखवलं. थेंब गळला नाही. मी म्हटलं, "अहो, तळ निघायला हवा." तर म्हणाले, "निघतो की," आणि दोन्ही अंगठ्यांनी, दात ओठ खाऊन, काढून दाखवला.

रविवारी मी पीठ थापलं, द्राक्षं अर्धी कापून साखरेत घोळवून रचली आणि ते धूड ओव्हनमध्ये ठेवलं. आतली जाळी वाकली. कृतीत सांगितलेला वेळ संपला तेव्हा द्राक्षं करपायला लागली होती आणि खालचं पीठ जसं थापलं तसंच, पांढरंफटक. लेक दारात आली तेव्हा हे रबरी हातोड्याने त्याचा तळ ठोकत होते. द्राक्षांचा पाक फटीत उतरून घट्ट झाला होता आणि तळ हलायला तयार नव्हता.

तिने पर्स खाली ठेवली आणि बघत राहिली. "आई, हे काय आहे?"

"टिन," मी म्हटलं.

"टिन? मला वाटलं, रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण आहे."

हातोडा थांबला. सगळा बेत फुकट, आता हे उठून गॅलरीत जाणार आणि ती संध्याकाळच्या बसने परत जाणार. तेवढ्यात एक शेवटचा ठोका बसला आणि टार्ट निघाला, तीन तुकड्यांत. तिने एक तुकडा उलटा करून बघितला.

"त्यांना सांग, एवढी जाड प्लेट तापेपर्यंत वरचं जळून जातं. खालचं कच्चंच राहणार."

मी सांगायला तोंड उघडलं. पण हे आधीच ओरडले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून.

"मग जाडी का नाही दिलीस? नऊ इंच, नऊ इंच लावलंय नुसतं! जाडी कोण सांगणार, तुझा बाप?"

"बापाने विचारायची ना!"

"विचारली असती तर फोन घेतला असतास?"

"तुम्ही केलात कधी?"

मी तिथेच उभी, हातात सुरी. दोघांचेही आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेले असतील. मला वाटलं, चालू दे. शिव्या देईनात का, एकमेकांना देतायत.

ह्यांनी हातोडा ओट्यावर ठेवला, पॅन्टला हात पुसले. "नाही केला," ते म्हणाले.

"मी बघायचे," ती म्हणाली. "काम सुटलं, की आधी फोन बघायचे." मला भडभडून आलं. मी ते लपवलंही नाही.

हे खुर्चीत बसले. समोर बशी ओढली आणि तो तुकडा चमच्याने कापायला लागले. वरची करपलेली द्राक्षं खाल्ली, मग खालचं पीठ. तिने पुढे होऊन बशी धरली.

"बाबा, ते खाऊ नका. खालचं अगदी कच्चं आहे."

"दिसतंय मला," ते म्हणाले, आणि बशी तिच्या हातून सोडवून घेऊन संपवली. मग तीच बशी तिच्यापुढे केली. "अजून वाढ."

तिने वाढलं.