कोंडवाड्यातली मोटार

चष्मा कपाळावर सरकवायचा, जाडजूड रजिस्टर उघडायचं आणि समोर कोण आलंय हे न बघताच विचारायचं, "धनी कोन?"

मोकाट जनावरं आणून कोंडतात त्या आमच्या गावच्या कोंडवाड्याच्या रखवालदारांची ही रीत. देवणी रस्त्याला चिंचेखाली त्यांची खुर्ची. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. तुमच्याही गावात असा एखादा असेल: हुद्दा सगळ्यात खालचा आणि ताठा सगळ्यात वरचा.

एकदा एका नगरसेवकाची म्हैस कुणाच्या तरी ज्वारीत शिरली. सोडवायला गडी आला. "तू धनी हायेस का? मग जा, धन्याला धाड." शेवटी नगरसेवक स्वतः आले, तणतणत. "मामा, म्हस तिच्या मनानं गेली. मी सांगितलं व्हतं का तिला?"

"दूध बी ती तिच्या मनानंच देती. ते कसं घरला नेता?" मामांनी सहीसाठी पेन पुढं केलं.

मी तेव्हा पत्रकं छापून वाटायचो. मला जे चार पानांत सांगता येत नव्हतं, ते मामा एका म्हशीवर भागवायचे.

गेल्या वर्षी कुठल्याशा कंपनीची बिनड्रायव्हरची मोटार गावात चाचणीला आली. इथले टमटम, इथल्या बैलगाड्या आणि आमची माणसं हिला जमली तर जगात कुठेही जमेल, असा कंपनीचा होरा. आठवडाभर गावाने तिच्यासोबत फोटो काढले. मग एका सकाळी तिने गावातला एकुलता एक सिग्नल तोडला आणि रस्ता ओलांडणाऱ्या भाजीवाल्या मावशींना उडवलं. मावशींचा पाय मोडला. मोटार जागीच थांबली.

हवालदार फॉर्म घेऊन उभे. 'चालकाचे नाव' इथे त्यांचं पेन अडलं. मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलेला इंजिनिअर म्हणाला, "मी चालवत नव्हतो, साहेब. गाडी स्वतः निर्णय घेते."

"मंग नाव कुनाचं लिहू? नावाबिगर केस उभी ऱ्हात न्हाई."

गर्दीतून मामा पुढे आले. "बैल बी सवताच निर्नय घेतो, बाबा. म्हनून मी बैलाची सही घेतो का? ढकला रे हिला!"

पंधरा जणांनी ढकलत मोटार कोंडवाड्यात नेली. मामांनी तिला दावं बांधलं आणि रजिस्टरात नोंद केली: 'रंग पांढरा. शिंगे नाहीत. टाळूवर गरगर फिरणारा डबा.' शेजारच्या गाईने लगेच तिची काच चाटायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मॅनेजर आला, तिसऱ्या दिवशी वकील.

"तुमी धनी हाव का?"

"नाही, मी त्यांच्या वतीने..."

"चा घ्या, आन् जा."

चौथ्या दिवशी मामांनाच नोटीस आली. मोटार हे जनावर नाही; ताबडतोब सोडा, नाहीतर निलंबन. निवृत्तीला सहा महिने उरले होते. मामा मात्र खूश. "बराबर लिव्हलंय की. जनावर असतं तर मानूस बघून थांबलं असतं."

मी पत्रक काढलं: 'फायदा मालकाचा, मग अपघात कुणाचा?' वर फोटो, काच चाटणाऱ्या गाईचा. तो जिल्हाभर फिरला, कंपनीची शोभा झाली. शेवटी पुण्याहून खुद्द मालक आले, शेणातून बूट वाचवत, आणि रजिस्टरात पूर्ण नाव लिहून सही केली. सोडण्याआधी जनावराला पाणी पाजायचं, ही मामांची शिस्त. त्यांनी मोटारीपुढेही बादली ठेवली. हवालदारांनी ते नाव उतरवून घेतलं. केस उभी राहिली.

निलंबन टळलं, पण मामांची बदली पाण्याच्या टाकीवर झाली. भेटायला गेलो की कुरकुरायचे, "लई बेकार जागा. पानी सांडलं तर पकडावं कुनाला?" निवृत्तीनंतर दोनच महिन्यांनी, दुपारच्या झोपेतच ते गेले.

परवा केसची पहिली तारीख होती. मावशी काठी टेकत आल्या आणि माझ्याशेजारी बाकावर बसल्या. पुकारा झाला; पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग मागून कोट घातलेला एक माणूस उठला आणि बारीक आवाजात म्हणाला, "हजर."

मावशी मान वळवून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ह्यो व्हय?" त्या मला म्हणाल्या. "मला वाटलं व्हतं, कुनीच न्हाई."