पट्ट्या ठोकलेल्या काठ्या

त्या प्रकरणातला मुद्देमाल आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे: हॉकी स्टिकच्या धिप्पाड भावंडांसारख्या दिसणाऱ्या, टोकाकडे पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या ढीगभर काठ्या.

अटलांटाजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. आयर्लंडमधल्या एकाच खेड्यातून आलेल्या कुटुंबांनी तिथे गावाकडच्यासारखा क्लब काढला होता. हर्लिंग हा त्यांचा खेळ. हातात काठी, चेंडू डोक्यावरून, आणि पगार कोणालाच नाही. जर्सी धुण्यापासून मैदान आखण्यापर्यंत सगळं घरचं. पुढे शेजारपाजारचेही खेळू लागले. त्यात एक नागपूरचा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता.

एका शनिवारी क्लबच्या शेडमधल्या काठ्या चोरीला गेल्याची तक्रार आली. तक्रारदार क्लबचे सर्वांत वयस्कर सभासद. काठ्या सांभाळणं आणि मोडलेल्यांना पट्ट्या ठोकणं हे त्यांचं काम. कुलूप शाबूत होतं. अध्यक्षांनी मला या खेळाची परंपरा हजारो वर्षांची असल्याचं दोनदा सांगितलं; चाव्या कोणाकडे असतात, हे त्यांना एकदाही आठवलं नाही. खेळाडूंचे जबाब घेतले. कोणीच काही पाहिलं नव्हतं, आणि तेही सगळ्यांनी जवळपास एकाच शब्दांत.

दुपारी खबर मिळाली. एका बाईंचा फोन: शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पत्रा ठोकलेल्या दांडक्यांचा ढीग आहे, दंगलीची तयारी दिसते. शेजारी म्हणजे आमचा नागपूरकर.

चौकशीच्या खोलीत त्याने माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं.

“काका, तुम्ही मराठी?”

“आत्ता डिटेक्टिव्ह. काठ्या तू नेल्यास?”

“नेल्या. चोरल्या नाहीत.”

“मग कशाला नेल्यास?”

“ते नाही सांगू शकत.”

“चार्ज लागला तर व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं लटकेल. ठाऊक आहे ना?”

“हो ना यार… सॉरी, काका. बायको पण तेच म्हणते.”

पुढच्या प्रत्येक प्रश्नालाही तेच: “ते नाही सांगू शकत.” आमच्या खात्यात अशा उत्तराला अर्धी कबुली समजतात.

मुद्देमालाच्या खोलीत मी एकेक काठी हातात घेतली. वेडेवाकडे ठोकलेले जुने खिळे उपसून नव्या पट्ट्या घट्ट बसवल्या होत्या. चोरीचा माल दुरुस्त करून ठेवणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. परत जाऊन विचारलं, “तक्रार करणाऱ्या आजोबांचे हात थरथरतात का रे?”

त्याने मान खाली घातली. “त्यांनी ठोकलेली पट्टी मॅचमध्ये उडाली, काका. आमच्या एकाला स्टिचेस पडले. पण यांच्या गावात एकदा दिलेलं काम कोणाकडून काढून घेत नाहीत. मग मी शनिवारी काठ्या नेतो, रिपेअर करतो, संध्याकाळी परत ठेवतो. त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. ते रविवारी येतात. आज आधीच आले.”

“मग सांगून टाकू त्यांना.”

“नका ना. या कामासाठीच ते घराबाहेर पडतात.”

“आणि तुझं ग्रीन कार्ड?”

“बघू.”

तक्रारदाराने तक्रार मागे घेतल्याशिवाय फाईल बंद होणार नव्हती. मी काठ्या गाडीत टाकून त्यांच्या घरी गेलो आणि एवढंच म्हणालो, “माल तुमचाच आहे का, बघून घ्या.”

त्यांनी एक काठी उचलली, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग दुसरी.

“काठ्या आमच्या. काम माझं नाही. सगळ्यांना माहीत होतं?”

“तुमचा अख्खा संघ माझ्याशी खोटं बोलला.”

“अध्यक्षसुद्धा?”

“तेसुद्धा.”

“म्हणजे एक काम तरी नीट केलं त्याने.”

हे कोणी केलं, ते मी सांगितलं. त्यांनी तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर वेडीवाकडी सही केली. “त्याला सांगा, पट्टीचं टोक आत वळवायचं असतं. रविवारी ये म्हणावं. हातोडी तो धरेल, मी बघेन.”

संस्था, परंपरा, वारसा यांवरची भाषणं मी बंदोबस्ताला उभं राहून पुष्कळ ऐकली आहेत आणि बहुतेक तिथेच सोडून आलो आहे. या क्लबबद्दल मात्र मनात आदर आहे. पोलिसाला सत्य बाहेर काढायला शिकवतात. ते कोणाच्या हातात कसं ठेवायचं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं.

खोट्या जबाबांबद्दल मी त्या सगळ्यांवर कारवाई करू शकलो असतो. अहवालात मी ‘गैरसमजातून तक्रार’ असं लिहिलं, आणि संघाच्या त्या खोट्या जबाबांत माझाही एक जमा झाला.