जीपसाठी रकाना नव्हता

माणसं ज्या पक्षाला मत देतात त्याला का देतात, हे शोधून काढायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. स्वतः मी तोवर एकदाच मत दिलं होतं, तेही वडिलांनी सांगितलं त्याला. पण हे मला कुणी विचारलं नाही. प्रश्न विचारणारी मी होते.

राज्यशास्त्राच्या आमच्या सरांनी ही पाहणी हाती घेतली होती. वर्गात ते नेहमी म्हणत, "माणसाचा खिसा दाखवा, मी त्याचा पक्ष सांगतो." श्रीमंत माणूस सत्तेतल्या पक्षाबरोबर राहतो आणि गरीब विरोधकांबरोबर जातो, असा त्यांचा सिद्धांत होता. तो खरा आहे हे त्यांना ठाऊक होतंच, फक्त आकडे यायचे राहिले होते. त्यासाठी त्यांनी सायक्लोस्टाईल करून प्रश्नावली काढली. वार्षिक उत्पन्न किती? मत कोणाला? का? 'का' च्या खाली पाच चौकोन होते: विकास, नेता, जात, पैसा, घराण्याची परंपरा. एकावर खूण करायची.

मला वैजापूरच्या पुढचं एक गाव मिळालं. तरणी मुलगी परगावी आठवडाभर राहणार म्हटल्यावर वडिलांनी नकारच दिला होता. मग सर स्वतः आमच्या घरी आले आणि म्हणाले, "गावातल्या सगळ्यात मोठ्या घरी उतरणार आहे ती. मुलीसारखी ठेवतील." मोठं घर म्हटल्यावर वडिलांची काळजी मिटली. मोठ्या घराला धोका नसतो, असं आमच्याकडं सगळेच मानत.

वैजापूरच्या स्टँडवर मला घ्यायला जीप आली होती. ज्यांच्या घरी उतरले त्यांना अख्खं गाव मालक म्हणायचं. साठीचे, उंच, हळू बोलणारे गृहस्थ. विहिरीवर दोन मोटारी, घराला लागून कांद्याची भलीमोठी चाळ, दारात ट्रॅक्टर. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणू लागले. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी असं काही वाढलं, की एवढं चांगलं जेवण देणाऱ्या माणसाबद्दल वस्तुनिष्ठ कसं राहायचं, हे सरांनी शिकवायला हवं होतं असं मला वाटलं.

जेवणानंतर ओसरीवर मी पहिला कागद काढला. "काका, वार्षिक उत्पन्न?"

मालकांनी सुपारी कातरली. "लिहा ताई, दोन हजार."

मी चाळीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

"त्यातून औषधं, मजूर, डिझेल वजा करा. खरं तर काहीच उरत नाय. पण तुम्हाला शून्य लिहायला बरं वाटणार नाय म्हणून दोन म्हणलं."

"आणि जमीन?"

"माझ्या नावावर? साडेतीन एकर." बाकीची जमीन बायकोच्या, भावाच्या, मुलांच्या आणि एका दिवंगत चुलत्याच्या नावावर होती. सीलिंगचा कायदा आल्यापासून त्या घरात वाटण्या फार प्रेमानं झाल्या होत्या.

मत सत्तेतल्या पक्षाला. का? "घराण्याची परंपरा." मग तेच हसून म्हणाले, "धाकटा भाऊ मात्र विरोधकांत हाय. आम्ही बसून ठरवलं तसं. पाट कुठून बी फुटू द्या, पाणी आपल्या शेतात आलं पायजे."

याला चौकोन नव्हता. मी परंपरेवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जीप दिली. गावातली पंधरा-वीस घरं मी त्या जीपमधून केली. प्रत्येक घरात मत सत्तेतल्या पक्षाला आणि कारण विकास. विकास म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की माणसं दारात उभ्या जीपकडं बघायची. बागायतदारांनी उत्पन्न विचारताच आवाज खाली आणला; हा कागद टॅक्सवाल्यांचा आहे अशी कुजबुज माझ्या आधी पोचली होती. एका घरी तर कापसाच्या गंज्यांना टेकून बसलेल्या माणसानं मला सांगितलं की गेली चार वर्षं काही पिकलंच नाही.

संध्याकाळपर्यंत मला शंका आली. तिसऱ्या दिवशी मी जीप नको म्हटलं आणि गावाबाहेरच्या माळावर मेंढपाळांची वस्ती होती, तिकडं पायी निघाले.

तिथल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या खोपटापुढं मंडळी बसली होती. अंगावर घोंगडी, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. मी त्यांना बाबा म्हटलं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, हे मला नंतर कळलं. मी सर्वांदेखत प्रश्नावली उघडली.

"बाबा, वार्षिक उत्पन्न किती?"

बाबांनी पाहुण्यांकडं एक नजर टाकली. "मेंढरं दोनशे. लिव्हा."

"आणि जमीन?"

"आठ एकर. इहिरीला पाणी बख्खळ."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या खोपटातले दोघं तिथंच बसले होते. बाबांनी दोनशे म्हटल्यावर त्यांना कमी कसं सांगता येणार? एकानं दीडशे लिहायला लावली, दुसऱ्यानं एकशेऐंशी. दुपार होईस्तोवर माझ्या कागदावर तो माळ जिल्ह्यातला सधन भाग झाला होता.

पाहुणे कळप बघायला उठले तेव्हा मी बाबांना हळूच विचारलं, "मत कोणाला देता?"

बाबांनी गावाच्या दिशेनं बघितलं. "हे लिव्हलेलं मालकाला दावणार का?"

"नाही. नावसुद्धा लिहीत नाही मी."

"मग लिव्हा, विरोधकाच्या मास्तरला." तिथला विरोधी उमेदवार पूर्वी शाळामास्तर होता.

"का?"

"एकदा मालकाच्या शेतात मेंढरं घुसली म्हणून समदी कोंडवाड्यात घातली. म्या तिथं दारात बसलो. मास्तर रस्त्यानं चालला होता. थांबला, माझ्याशेजारी मातीत बसला. सांजपतुर बसला. माझ्या तांब्यातलं पाणी पिला."

"त्यांनी सोडवली का मेंढरं?"

"नाय. त्येचं कोण ऐकतंय. दंड भरला तवा सुटली."

"मग?"

बाबांना माझा प्रश्न कळलाच नाही. "मग काय? बसला की तो."

मी पाचही चौकोन पुन्हा वाचले. विकास नाही. पैसा तर नाहीच. 'नेता' वर खूण केली. तीही बरोबर वाटली नाही, कारण नेते मातीत बसत नाहीत.

त्यांची बायको मला वाटेपर्यंत सोडायला आली. तिला मी मावशी म्हणत होते. वस्ती मागं पडल्यावर ती म्हणाली, "बाई, त्यो दोनशेचा आकडा खोडा. आमची चाळीस हायती. बाकीची लोकांची, राखोळीची. जमीन तर वीतभर बी नाय. पाहुणे बसले व्हते ना."

"आणि मावशी, तुमचं मत? मास्तरलाच?"

तिनं मागं वळून बघितलं. "नाय. म्या मालकाच्या पक्षाला देते. धाकट्याच्या वक्ताला लई अडले व्हते. काकूनं जीप धाडली, वैजापूरच्या दवाखान्यात नेलं. जीप नसती तर म्या बी नसते अन् त्यो बी नसता. घरात सांगू नगा."

एका खोपटात दोन मतं होती, आणि प्रश्नावलीत कुटुंबप्रमुखाची एकच ओळ. मी पिशवीतून रबर काढलं, दोनशेवर ठेवलं आणि थांबले. मालकांचे दोन हजार तसेच ठेवून गरिबाचीच मेंढरं तेवढी पुसायची, हे मला बरं वाटेना. शिवाय सरांचा नियम होता, सांगितलेलंच लिहायचं. मी दोनशे तसेच ठेवले.

त्या संध्याकाळी काकू वाढत होत्या. मालकांनी सहज विचारलं, "आज माळावर गेला होतात म्हणं. मेंढका काय म्हणला?"

"ते सांगता येत नाही, काका."

"बरोबर हाय. सांगूच नाय." ते जेवत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "मला म्हणतो, मालक, आमची समदी मतं तुमचीच."

मला हसू आलं. एवढंच. बोलले काही नाही, फक्त ओठांच्या कोपऱ्यात हसले, कारण मी बावीस वर्षांची होते आणि मला काहीतरी ठाऊक होतं जे त्या मोठ्या माणसाला ठाऊक नव्हतं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग काकूंना म्हणाले, "ताईंना आमटी वाढा."

शहरात परतल्यावर आम्ही विद्यार्थ्यांनी मिळून तक्ते केले. सर चष्मा कपाळावर चढवून ते बघत राहिले. सिद्धांत उलटा झाला होता. कमी उत्पन्नाचे लोक सत्तेतल्या पक्षाबरोबर, जास्त उत्पन्नाचे विरोधकांबरोबर.

"सर," मी म्हटलं, "हा जो सगळ्यात गरीब माणूस आहे, ते मालक आहेत."

"कशावरून?"

"त्यांच्याकडं जीप आहे. मी बसलेय तिच्यात."

सरांनी प्रश्नावली वरपासून खालपर्यंत वाचली. "जीपचा रकाना नाही आपल्याकडं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच खेद होता.

पण सर अभ्यासू होते, आठवडाभरात सावरले. ग्रामीण गरीब सत्तेला का चिकटतो, यावर त्यांनी चांगला पंचवीस पानांचा निबंध लिहिला आणि एका परिषदेत वाचला. लोकांना तो फार आवडला. सगळे म्हणाले, हे काहीतरी नवीन आहे. शेवटी माझे आभार होते. 'अतिशय कष्टाळू विद्यार्थिनी' असं. पुढं वैजापूरच्या एका सभेत सत्तेतल्या उमेदवारानं छातीवर हात ठेवून सांगितलं म्हणे, की गरीब आमच्या पाठीशी आहे हे आता शहरातल्या विद्वानांनीही मान्य केलंय. मालक तेव्हा मंचावर होते. गरिबांच्या वतीनंच म्हणायला हवं.

काही कागदांवरची माहिती अपुरी होती म्हणून दोन-अडीच महिन्यांनी मला पुन्हा त्या गावी जावं लागलं. माळावर गेले तर बाबांच्या खोपटाच्या जागी चुलीचे तीन दगड होते. शेजारचे लोक माझ्याशी बोलेनात. मी काकूंना विचारलं.

काकू गहू निवडत होत्या. "यंदा मालकांनी रानात दुसऱ्याची मेंढरं बसवली," त्या म्हणाल्या. लेंडीखतासाठी शेतात कळप बसवायचा आणि बदल्यात मेंढपाळाला धान्य द्यायचं, ही तिथली जुनी रीत. मालकांच्या रानावर बाबांचं निम्मं वर्ष निघायचं. "मालकांचं बघून बाकीच्यांनी बी नाय म्हणलं. मग काय करतील? गेले खाली, गंगेच्या अंगाला." गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात.

"पण का, काकू? काय झालं?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "मला कसं ठावं? मालक काय बोलले नायत. ते कुणालाच कधी काय बोलत नायत." मग त्यांनी मला चहा ठेवला. मी तो घेतला. घ्यायला नको होता असं आज वाटतं. तेव्हा फक्त साखर जास्त झालीय असं वाटलं.

ती गोष्ट मी सरांना सांगितली नाही, घरीही नाही. मी काही बोललेच नव्हते, हे मी स्वतःला बरीच वर्षं समजावत आले. ते खरंही आहे, पण त्यानं काही हलकं होत नाही.

पुढच्या निवडणुकीनंतर एका नातेवाइकाकडं म्हणून बिडकीनला गेले होते. आठवडी बाजाराचा दिवस होता. घोंगड्यांची गठडी पुढं घेऊन मावशी बसलेली दिसली. मी समोर उभी राहिले, तिला ओळख पटायला वेळ लागला.

"त्या कागदवाल्या बाई," ती म्हणाली आणि हसली. मला बसायला गोणपाट दिलं. मुलीचं लग्न झालं होतं. जावई वाळूजला कंपनीत लागला होता. बाबांचे गुडघे गेले होते. मेंढरं आता पंचवीस.

मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मालकांसमोर मला हसू आलं. म्हणून तुमच्यावर..."

"आगं, त्येनला आदीच ठाव व्हतं," ती मला मध्येच तोडून म्हणाली. "मास्तर मातीत बसला तवा समद्या गावानं बघितलं व्हतं. तुझं काय एवढं." माझं मन राखायला ती खोटं बोलत होती की खरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी विषय बदलला. "मत दिलं का या वेळी? इथं यादीत नाव घातलंत?"

"नाव तिकडंच हाय अजून. मतं पडली म्हणं आमची."

"तुम्ही गेला होतात?"

"नाय ओ. आम्ही हितंच. पर पडली. माझं बी, ह्येंचं बी. मालकाचा गडी भेटला, त्यो सांगत व्हता, मावशी, तुमचं मत वाया जाऊ दिलं नाय."

"कोणाला पडली?"

मावशीनं गठडीतली एक काळी घोंगडी उलगडली, झटकली आणि माझ्या मांडीवर टाकली. "ही बघ, काठ बघ कसा हाय. आता कुणी असं विणीत नाय."

मी ती घेतली. घासाघीस केली नाही, म्हणून तिनं माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.